झोपलेलं पोर कायलीत पडत नाही

मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. म्हणोत बापडे. येसूबाईला जाऊन आज तेरा दिवस झाले आणि मी तिच्याबद्दल वाईटच बोलणार आहे, कारण तिच्याबद्दल बोलायचं तर वाईट बोलल्याशिवाय पुढं सरकताच येत नाही. एक गोष्ट वेगळी सांगायची आहे. ती शेवटी सांगेन.

आमचं गाव कृष्णेच्या काठचं, कराड आणि सांगलीच्या मधलं. हळदीचं गाव. गावाच्या वरच्या अंगाला मोठी चिंच आहे आणि चिंचेपासून हाकेच्या अंतरावर हळद शिजवायचं चुलवाण, त्यावर पसरट लोखंडी काहील; गावात तिला कायल म्हणतात. माघ लागला की बायका पहाटेपासून रानात हळद काढायला जायच्या, आणि त्यांची अंगावरची पोरं चिंचेखाली येसूबाईकडं यायची. फांद्यांना लुगड्यांच्या झोळ्या बांधलेल्या असायच्या, आठ-दहा तरी. प्रत्येक झोळीची दोरी येसूबाईच्या हाताशी. मधोमध ती बसायची, दातांना मिश्री लावत. दिवसभरात एका पोराचा आवाज नाही. रस्त्यानं जाणारा माणूस थबकून बघायचा. घरात एक पोर असलं तरी डोकं उठतं, आणि इथं दहा पोरं गपगार.

"येसूबाईचा हात लय चांगला," असं अख्खं गाव म्हणायचं.

मी चौसष्ट साली लग्न होऊन इथं आले. कराडची, शिंप्याच्या दुकानावर वाढलेली, मराठी सातवी पास. गावातल्या बायकांत वाचता येणारी मी एकटी, आणि हे मी कुणाला विसरू देत नव्हते. शाळेत आरोग्याच्या धड्यात अफूबद्दल वाचलेलं मला पाठ होतं. त्यामुळे पहिल्याच वर्षी त्या शांत झोळ्या बघून मी ओळखलं की हा हाताचा गुण नव्हे, सहाणेचा गुण आहे. गुटी उगाळायची तीच सहाण. तिच्यावर बाळागोळी उगाळायची, आईच्या दुधात कालवायची आणि बोंडल्यानं पोराच्या घशात सोडायची. बोंडलं म्हणजे तोटी असलेली छोटी पितळी वाटी, प्रत्येक घरात असतेच. गोळीत अफू असते हे सगळ्यांना ठाऊक होतं. कुणी तिला अफू म्हणत नव्हतं, एवढंच.

"तुमच्याकडं पोरं रडत्यात व्हय?" सासूबाई मला विचारायच्या, जणू कराडची पोरं रडतात ही आमच्या माहेरची खोड होती.

सासूबाईंचं नाव आक्काताई. नवरा फौजेत, घरात आम्ही दोघीच. दीड एकर हळद आणि चार हात.

पासष्टच्या श्रावणात कृष्णात झाला. पुढच्याच महिन्यात लढाई पेटली. नवऱ्याचं पत्र यायचं, त्यात शेवटी एकच ओळ ठरलेली: पोराला जप. माझ्या वडिलांनी नातवाला चांदीचे वाळे केले होते. तीन महिन्यांत ते घट्ट झाले, इतके की सासूबाईंनी सोनाराकडून सैल करून आणले आणि गावभर सांगितलं. पाचव्या महिन्यात पोर पालथं पडायला लागलं. मान वर करून माझ्याकडं असं बघायचं की जणू माझाच हिशेब विचारतंय. टाळी वाजवली की वळायचं, चमचा दाखवला की झडप घालायचं. मी मनात म्हणायचे, हा शिकणार. हा फौजेत जाणार नाही, मास्तर होणार.

आणि मग माघ आला.

मी सासूबाईंना म्हटलं, "आत्याबाई, मी पोराला पाठीशी बांधून रानात नेते."

"आन हळद कोन काढणार, ते पोर?" त्या म्हणाल्या. "सगळ्यांची पोरं जात्यात तिकडं. तुझंच काय सोन्याचं हाय व्हय?"

माझं सोन्याचंच होतं. आपला तो बाब्या. पण दोन दिवस पाठीशी बांधून नेला तर उन्हानं त्याच्या अंगावर पुरळ आलं आणि माझी कुदळ निम्म्यावर आली. तिसऱ्या दिवशी मी त्याला चिंचेखाली नेऊन सोडला. येसूबाईनं त्याला हातात घेतलं, वजन केल्यासारखं वरखाली केलं आणि म्हणाली, "ग्वाड हाय गं." मला तिचा तो हात आवडला नाही. डाव्या हाताला कोपरापर्यंत भाजल्याचे जुने वण होते, कातडी सुरकुतलेली, गुलाबी. मी मनात म्हटलं, कुठंतरी चुलीशी झिंगली असेल. मी तेव्हा अशीच होते.

आणि खरं सांगायचं तर पहिले पंधरा दिवस मला बरं वाटलं. संध्याकाळी पोर घेऊन यायचे ते झोपलेलं, रात्रभर झोपलेलं. मीही झोपायचे. सातवी पास बाईला धडा पाठ होता, पण झोपही हवी होती. मी विचारलंच नाही की माझ्या पोराला गोळी देते का. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं.

मग एके दिवशी न्हाऊ घालताना उजव्या पायातला वाळा टाचेवरून निसटून परातीत पडला.

मी तो पुन्हा घातला. पुन्हा निसटला. ज्या पोराचे वाळे घट्ट होत होते, त्याचे सैल झाले होते. मी त्याला घोंगडीवर पालथं टाकलं. पडून राहिलं. मान उचलली नाही. टाळी वाजवली. बऱ्याच वेळानं डोळे फिरवले, तेही माझ्याकडं नव्हे, आढ्याकडं. महिन्याभरात पोर मागं गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी चिंचेखाली जरा थांबले आणि पहिल्यांदा बाकीच्या पोरांकडं नीट बघितलं. वर्षाची पोरं सहा महिन्यांची दिसत होती. हातपाय काड्या, पोट पुढं. शेजारच्या भामाबाईचा हिंदुराव तीन वर्षांचा झाला होता, झोळीतून उतरून वर्ष झालं होतं, आणि अजून त्याला 'आई' म्हणता येत नव्हतं. बसवला तिथं बसायचा. भामाबाई सांगायची, "लय गरीब हाय माझं पोरगं. कुणाच्या अध्यात न्हाई, मध्यात न्हाई." आणि बोलत का नाही विचारलं तर, "सटवीनं लिवलं तसं हुतंय." पाचवीच्या रात्री सटवाई येऊन कपाळावर लिहिते म्हणे. बिचारी सटवाई उगाच बदनाम झाली. आमच्या गावात पोरांचं नशीब लिहायची ती येसूबाई, तेही सहाणेवर.

मी तिच्यासमोर उभी राहिले आणि चारचौघींच्या देखत तोंड सोडलं. "येसूबाई, माझ्या पोराला अफू घालायची नाही. बाकीच्यांची डोकी नासवलीत तेवढी पुरे झाली. माझं पोर नासवलं तर मी पोलीस आणीन."

ती मिश्री लावायची थांबली. बायका बघत होत्या. ती शांतपणे म्हणाली, "मग त्ये रडंल की."

"रडू दे. पोर रडतं म्हणजे जिवंत आहे."

"रडंल, मग उठंल. उठल्यावर रांगंल. जाग्या पोराला पाय फुटत्यात, बाई." तिनं डावा हात पुढं केला, वणांचा. "ह्यो हात बघिटलास न्हवं? माझा कोंडीबा दोन वरसाचा. त्याला मी गोळी दिली न्हाई कवा. लय नाचरा. मी चुलवाणात पाचट सारत हुती आन त्यो मागनं आला, कायलीच्या काठाला धरायला गेला. हात घालून काढला म्या. हात माझा वाचला, त्यो न्हाई वाचला." मग तिनं मांडीवरचं पोर सारखं केलं. "झोपलेलं पोर कायलीत पडत न्हाई."

एखादी मऊ मनाची बाई तिथं रडली असती. मला राग आला. तुझं एक पोर गेलं म्हणून तू दहा पोरांची जाग मारतेस? मी हे तिच्या तोंडावर बोलले. शब्द न शब्द बोलले. ती नुसती मान हलवत राहिली आणि म्हणाली, "न्हाई देत तुझ्याला. जा."

आणि तिनं शब्द पाळला. हे मला तेव्हाच कळलं, कारण त्याच रात्रीपासून कृष्णातचं रडणं सुरू झालं.

ते रडणं मी आधी ऐकलं नव्हतं. भुकेचं नव्हे, पोटदुखीचं नव्हे. नाक गळायचं, जांभया द्यायचा, अंगाला आळोखेपिळोखे, जुलाब. दूध ओढायचा आणि टाकायचा. ज्याची सवय लागली ते मिळत नव्हतं म्हणून त्याचं सगळं शरीर ओरडत होतं. पण आरोग्याच्या धड्यात हे लिहिलेलं नव्हतं. अफू वाईट एवढंच लिहिलं होतं. ती सुटते कशी, हे कुणी शिकवलं नव्हतं. तीन रात्री मी पोराला खांद्यावर टाकून उभी होते. सासूबाई भिंतीकडं तोंड करून म्हणायच्या, "शिकल्याली सून आणली. आता घ्या शिकून."

चौथ्या दिवशी आमची कायलीची पाळी होती. गावात हळद शिजवायची मोठी काहील एकच. पाळ्या लावलेल्या. पाळी चुकली की सगळ्यांचं झाल्यावर नंबर, तोवर काढलेली हळद ढिगात सडते. वर्षाची हळद, फौजेतल्या माणसाला काय सांगणार? उजाडताना मला चुलवाणावर पोचायचं होतं. पोर किंचाळत होतं. सासूबाई पुढं गेल्या होत्या. घरात मी एकटी होते, तीन रात्रींची जागी, आणि फडताळात सासूबाईंची डबी होती.

डबीत कागदात गुंडाळलेली बाळागोळी होती. मी तिचा तुकडा मोडला, सहाणेवर उगाळला, दुधात कालवला आणि बोंडल्यानं त्याच्या तोंडात सोडला. कुणी मला सांगितलं नव्हतं, कुणी हात धरला नव्हता. येसूबाईचं माप मोहरीच्या दाण्याचं असतं, हे मला नंतर कळलं. मी दिला तो तुकडा तुरीच्या डाळीएवढा होता. तिला मी अडाणी म्हणत होते, आणि माप माझ्या बापालाही ठाऊक नव्हतं.

पोर गप झालं. मी त्याला चिंचेखाली नेलं, झोळीत ठेवलं, रोजच्या सवयीनं बोंडलं उशाशी ठेवलं. येसूबाई म्हणाली, "आज निवांत हाय की." मी म्हटलं, "रडून रडून दमलंय." कबूल करायचं तर चार दिवसांपूर्वीचे माझेच शब्द मला गिळावे लागले असते. मी गिळले नाहीत. तशीच चुलवाणाकडं गेले.

काहील लागली होती. हळदीचा पाला झाकून वर गोणपाट, वाफेचा पिवळा वास. आठ-साडेआठ वाजले असतील. मी झारा धरला होता तेवढ्यात ओरडणं ऐकू आलं. येसूबाई पळत येत होती. साठीच्या घरातली जाड बाई, केस सुटलेले, हातात माझं पोर, आणि पळता पळता त्याच्या तळपायांवर चापट्या मारत होती. "जागं ऱ्हा रं, जागं ऱ्हा माझ्या राजा." पोराचे ओठ काळेनिळे झाले होते. श्वास घ्यायचा आणि थांबायचा, इतका वेळ थांबायचा की वाटायचं संपलं.

"ह्याला मिरजंला न्या. आत्ताच्या आत्ता," ती म्हणाली.

चुलवाणाभोवती पंधरा-वीस माणसं होती. सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. आणि मी, सातवी पास शालन, पोर तिच्या हातातून ओढून घेत ओरडले, "काय घातलंस माझ्या पोराला? नको म्हणून सांगितलं होतं ना तुला!"

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या या. येसूबाईनं माझ्याकडं बघितलं. फार वेळ नाही, एक श्वास घ्यायला लागतो तेवढाच. तिला कळलं होतं.

पुढं जे झालं ते गाव आता आठवत नाही असं म्हणतं. मला आठवतं. आधी भामाबाईनं तिच्या केसांना हात घातला. मग कुणीतरी जळण सारायची काठी उचलली. जी माणसं तीस वर्षं तिचा हात चांगला म्हणत होती, ज्यांनी रोज आपल्या हातानं दूध पिळून त्या बोंडल्यात दिलं होतं, ती सगळी तिला मारत होती. कुणी चिंचेकडं धावून कोयत्यानं झोळ्यांच्या दोऱ्या तोडल्या. बायका आपापली पोरं उचलत होत्या, किंकाळ्या, शिव्या, रडारड. त्या सगळ्या गोंधळात नऊ पोरांपैकी एकही पोर जागं झालं नाही. खांद्यांवर माना टाकून तशीच झोपून राहिली.

सांगलीच्या पेठेत हळद नेणारा सिकंदर त्या वेळी ट्रकमध्ये पोती भरत होता. त्यानं निम्मी पोती तशीच खाली सोडली आणि म्हणाला, "वैनी, बसा आधी. भांडण मागनं करा." मी आणि सासूबाई पुढं बसलो. बारा मैल. मी पोराच्या तळपायांवर चापट्या मारत राहिले, तिनं दाखवल्या तशा. श्वास मोजत होते. सिकंदर सारखा विचारत होता, "घेतोय का? घेतोय का?"

मिरजेच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी पोराची पापणी वर केली. बाहुली टाचणीच्या टोकाएवढी झाली होती. त्यांनी वळून विचारलं, "अफू दिलीय. कधी? किती? खरं सांगा, त्यावर सगळं अवलंबून आहे."

सासूबाई माझ्याकडं बघत होत्या. मला बोलायचं होतं. देवाशपथ बोलायचं होतं. समोर माझ्या पोराचा जीव होता आणि मी सासूबाईंच्या डोळ्यांना भीत होते. बाईंनी पुन्हा विचारलं, आता ओरडून.

"उजाडताना दिली. तुरीच्या डाळीएवढी," मागून आवाज आला. "म्या दिली."

दारात येसूबाई उभी होती. कपाळ फुटलेलं, लुगडं फाटलेलं. ती गाडीच्या मागं पोत्यांवर बसून आली होती, आम्हाला कुणालाच कळलं नव्हतं. तिच्या पदराच्या गाठीत बोंडलं होतं, माझंच. त्याच्या तळाला राहिलेला काळा गाळ. तीस वर्षं गोळी उगाळलेली बाई. शितावरून भाताची परीक्षा करावी तसं तिनं गाळावरून माप सांगितलं, आणि पोर झोळीत कधी आलं ते तिला ठाऊकच होतं.

सासूबाई तिच्या अंगावर थुंकल्या. तिनं पदरानं पुसलं. डॉक्टरीणबाई आत पळाल्या, सुया, नळ्या, आणि दुपारी तीनच्या सुमारास माझं पोर रडलं. तसलं चांगलं रडणं मी आयुष्यात ऐकलं नाही. मी बाहेर आले तेव्हा येसूबाई निघून गेली होती. मिरजेहून चालत गेली असणार.

सहा दिवस आम्ही तिथं होतो. निघताना डॉक्टरीणबाईंनी पोराला तराजूत घातलं, फितीनं डोकं मोजलं आणि मला समोर बसवलं. म्हणाल्या, "पहिल्या दोन वर्षांत डोकं जे वाढतं ते पुन्हा तसं वाढत नाही. झोपेत असलेलं पोर काय बघणार, काय ऐकणार? आता याच्याशी बोलायचं. सतत बोलायचं. हातात वस्तू द्यायच्या. डाळीचं पाणी, भात, केळं. याला थोडा उशीर होईल सगळ्याला. थकायचं नाही." मी विचारलं, "शहाणा होईल का?" त्या म्हणाल्या, "आता ते मी नाही सांगू शकत. तुम्ही किती बोलता त्यावर आहे."

मी बोलले. चुलीशी बोलले, विहिरीवर बोलले, शेणानं सारवताना बोलले. गाव मला येडी म्हणायला लागलं. कृष्णात अकराव्या महिन्यात बसला. दोन वर्षांचा झाल्यावर उभा राहिला, अडीच वर्षांचा असताना चालला. बोलायचं मात्र नाव नाही. हिंदुराव समोरच्या ओट्यावर तसाच बसलेला असायचा आणि मी रोज त्याच्याकडं बघून घाबरायचे.

पुढच्या माघात बायकांनी पोरं पाठीशी घेऊन रानात न्यायला सुरुवात केली, आणि आठ दिवसांत चुलवाणाशी रांगत गेलेल्या एका पोरीचा पाय उकळत्या हळदीनं भाजला. येसूबाईचं म्हणणं खोटं नव्हतं. मग मीच चिंचेखाली वेळूच्या कामट्यांचं कुंपण घालून घेतलं, कंबरेएवढं, चुलवाणाकडच्या बाजूला दुहेरी. आणि आत जागी पोरं घेऊन बसले. खुळखुळे, लाकडी बैल, भोपळ्याच्या तुंबड्या. पोरं रडायची, भांडायची, एकमेकांना चावायची. माझं डोकं उठायचं. एकही पोर भाजलं नाही. दोन माघ गेले, आणि एक दिवस भामाबाई विहिरीवर म्हणाली, "शालनचा हात लय चांगला."

मी घागर तिथंच टाकून घरी आले.

येसूबाई गावाबाहेर ओढ्याकाठी खोपट करून राहायची. कुणी तिला विस्तव देत नव्हतं. पोरं तिला दगड मारायची, आणि पोरांना दगड हातात कुणी दिले होते ते मला माहीत होतं. ती समोरून आली की मी वाट बदलायचे. मला तिचा राग यायचा. अफूचा राग होताच, तो आजही आहे. कितीतरी घरांतली पोरं तिनं बथ्थड केली, त्याला माफी नाही. पण त्याहून मोठा राग होता तो तिला ठाऊक असल्याचा. तिनं कुणालाच सांगितलं नाही म्हणून मी तिचा जास्तच द्वेष केला. तिनं सांगितलं असतं तर मी भांडले असते, खोटं बोलले असते, सुटले असते. खाई त्याला खवखवे.

गेल्या महिन्यात ती आजारी असल्याचं सिकंदरनं सांगितलं. तो अधूनमधून तिला पीठ नेऊन द्यायचा. मी एका दुपारी गेले. का गेले ते मला सांगता येणार नाही. डोळ्यांनी तिला दिसत नव्हतं. दारात पाय वाजला तसं तिनं विचारलं, "कोन हाय?"

"शालन."

तिनं आवाजाकडं तोंड वळवलं. मग म्हणाली, "पोरगं चालतंय?"

"चालतंय. पळतंय आता."

"बोलतंय का?"

कृष्णात त्याच आठवड्यात बोलायला लागला होता. चार वर्षांचा झाल्यावर. पहिला शब्द 'आई' नव्हता, 'कायल' होता. मी म्हटलं, "बोलतंय."

तिनं मान हलवली. "मग आता तू बी बोल," म्हणाली आणि भिंतीकडं वळली.

मी बोलले नाही. घरी आले, भाकरी केल्या. आठव्या दिवशी ती गेली. चार माणसांनी नेली, त्यात एक सिकंदर. चावडीवर कुणीतरी म्हणालं, "अफूवाली गेली, गाव सुटलं." मी पाणी भरत होते, ऐकलं.

काल रात्रीच्या भाकरीला बसलो तेव्हा मी सासूबाईंना सांगितलं. सगळं सांगितलं: डबी, तुकडा, सहाण, बोंडलं. वाटलं त्या ताट भिरकावतील, मला घराबाहेर काढतील. त्यांनी भाकरीचा तुकडा आमटीत बुडवला.

"मला ठावं हाय," त्या म्हणाल्या. "डबी माझी. मिरजंवनं आल्यावर उघडली तवा मोडल्याली गोळी बघिटली की."

"आत्याबाई, आणि तुमी गप राहिलात? तिला गावानं मारलं. तुमी तिच्या अंगावर थुंकलात."

"थुंकले तवा ठावं न्हवतं. कळल्यावर गप बसले. तू माझी सून. ती कोन हुती?" त्यांनी कृष्णातच्या ताटात भात वाढला. "जेव आता. पोरगं बघतंय."

कृष्णात खरंच बघत होता, एकदा माझ्याकडं, एकदा आजीकडं. सगळं ऐकत होता. आता तो ऐकलेलं विसरत नाही.

म्हणून हे लिहून मी उद्या चावडीवर वाचून दाखवणार आहे. येसूबाईनं गावातल्या पोरांना तीस वर्षं अफू घातली, त्याबद्दल मी तिला चांगलं म्हणणार नाही, मेली तरी नाही. पण ज्या पोरासाठी तुम्ही तिचं कपाळ फोडलंत, त्या दिवशी त्याला गोळी तिनं दिली नव्हती. ते पोर तिच्या नावावरून काढा आणि माझ्या नावावर लावा.